दिशा फुकट, काड्या महाग

घोडेगावच्या किंवा लोणीच्या बाजारात म्हैस घेणारा माणूस आधी तिचे दात बघतो, मग कासेला हात लावतो, चार पावले चालवून पाहतो आणि एवढे सगळे झाल्यावर उपरण्याखाली बोटे दाबत भावाला बसतो. तोच माणूस टीव्हीचा अँटेना घ्यायला दुकानात शिरला की खोक्यावरचे चित्र बघतो, काड्या मोजतो आणि ‘त्यातल्या त्यात जास्त काड्यांचा द्या’ म्हणून मोकळा होतो. म्हशीचे दूध शिंगांच्या लांबीवर ठरत नाही हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. अँटेनाच्या बाबतीत मात्र तो शिंगांचेच पैसे मोजतो. वास्तविक या खरेदीत तीनच गोष्टी बघायच्या असतात: समोरून कोणी काही पाठवतो आहे का, आपण किती उंचावर आहोत आणि आपले तोंड कुणीकडे आहे. पंचाईत अशी की या तिन्ही गोष्टी दुकानात मिळत नाहीत. पहिली प्रसार भारतीच्या हातात, दुसरी घर बांधणाऱ्याच्या, तिसरी भूगोलाच्या. दुकानदाराजवळ उरतो तो निव्वळ धातू, आणि तो बिचारा आपल्याजवळ आहे तेच विकणार. म्हणून खोक्यावर दिशेबद्दल अवाक्षर नसते आणि काड्यांचे मात्र रंगीत छायाचित्र असते. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालेल्या आमच्या नगर जिल्ह्यात तर हा व्यवहार फारच मनोरंजक होतो. कारण इथे छतावर काड्या लावून डिजिटल टीव्ही बघू इच्छिणाऱ्या गृहस्थाला उत्तम अँटेना मिळू शकतो, उत्तम पाइप मिळू शकतो, पाइप चढवणारा उत्तम पोरगाही मिळू शकतो. मिळत नाही तो फक्त सिग्नल.

आधी खोक्यावरचे आकडे घेऊ. ऑनलाइन मिळणाऱ्या चपट्या, घरातल्या भिंतीवर चिकटवायच्या अँटेनांवर ‘२०० मैल’ असे बिनदिक्कत छापलेले असते. मैल हे माप आपण मैलाच्या दगडाबरोबरच सोडून दिले, पण अँटेनाच्या खोक्यावर ते अजून राज्य करते. बहुधा किलोमीटरमध्ये लिहिले तर गिऱ्हाईक हिशेब करील या भीतीने. तर हिशेब करूच. पृथ्वी गोल आहे आणि टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ जातात. म्हणून मनोरा आणि आपले छत एकमेकांना किती लांबून ‘दिसतील’ याचे एक साधे गणित आहे. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढायचे, आपल्या एरियलच्या उंचीचे वर्गमूळ काढायचे, दोन्हींची बेरीज करून तिला ४.१२ ने गुणायचे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. मनोरा १०० मीटर आणि आपले एरियल ९ मीटर उंच असेल तर दहा अधिक तीन म्हणजे तेरा, आणि उत्तर साधारण ५४ किलोमीटर. आता हेच उलटे करा. २०० मैल म्हणजे ३२२ किलोमीटर. तेवढ्या अंतरावरून सिग्नल यायचा तर पलीकडचा मनोरा साडेपाच किलोमीटरहून उंच लागतो. महाराष्ट्रातले सगळ्यांत उंच शिखर आमच्या अकोले तालुक्यात आहे, कळसूबाई, १६४६ मीटर. एकावर एक जवळपास साडेतीन कळसूबाया रचल्या की तो मनोरा तयार होतो. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन, त्यामुळे मराठी माणसाला या आकड्याचे वावडे नाही. पण बांधकामाच्या परवानगीचा प्रश्न येईल. बरे, एकाच कळसूबाईचे पूर्ण १६४६ मीटर मनोऱ्याची उंची म्हणून धरले, तरी उत्तर १८० किलोमीटर येते. म्हणजे राज्यातला सर्वांत उंच दगड कामाला लावूनसुद्धा खोक्यावरच्या आकड्याच्या निम्म्याच्या थोडेच पुढे जाता येते. आणि हे सगळे मधे एकही टेकडी नाही असे समजून. नगर जिल्ह्यात मधे टेकडी नाही असे समजणे म्हणजे काय, ते बाळेश्वराच्या आणि गर्भगिरीच्या डोंगररांगांना विचारावे.

दुसरा शब्द ‘डिजिटल’, आणि त्याच्या पाठोपाठ ‘एचडी’ आणि ‘फोर-के’. अँटेनाला यातले काहीही कळत नाही. ज्या पट्ट्यातली लहर यायची त्या मापाची धातूची काडी पुढे धरायची, एवढाच त्याचा धंदा. त्या लहरीवर कृष्णधवल बातम्या आहेत की फोर-के क्रिकेट, हे पुढे टीव्हीला जोडलेला डबा ठरवतो. छतावर दिसणारे ते एका दांडीवर आडव्या काड्यांचे एरियल सेंदाई इथल्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास जगापुढे मांडले, आणि आज ‘नवीन डिजिटल तंत्रज्ञान’ म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा त्याचेच धाकटे भावंड असते. या यागींची एक गोष्ट सांगतात. १९४२ साली जपान्यांनी सिंगापूर जिंकले तेव्हा त्यांना एका ब्रिटिश सैनिकाच्या वहीत रडारच्या संदर्भात ‘यागी’ हा शब्द सापडला. अर्थ लागेना. शेवटी कैद्यालाच विचारले, तर तो म्हणाला, हे तुमच्याच प्राध्यापकाचे नाव आहे. घरच्या शोधाची किंमत परदेशी खोक्यातून आल्याशिवाय कळत नाही, ही खोड केवळ आपलीच नाही, एवढा दिलासा त्यातून घ्यायला हरकत नाही. ‘बूस्टर’चीही कथा अशीच. बूस्टर आलेला सिग्नल मोठा करतो, आणि त्याबरोबर आलेला गोंगाटही तितकाच मोठा करतो. लांब केबलमध्ये वाटेत होणारी गळती तो भरून काढतो हे खरे. पण मुळात काही येतच नसेल तर जुन्या टीव्हीच्या पडद्यावर त्याने एवढेच होत असे, की मुंग्यांचे मुंगळे व्हायचे.

आता मुख्य मुद्दा: समोरून पाठवतो कोण? एकेकाळी पाठवणारे होते. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून त्याचे सहक्षेपण पुण्याकडे होऊ लागले. पारनेर-श्रीगोंद्याकडे ज्यांना सिंहगडाचा लोभ होता, त्यांच्या एरियलची तोंडे नैर्ऋत्येला. मग १९८३ साली इन्सॅट-१ बी उपग्रह वर गेला आणि १९८४ मध्ये काही महिने देशात जवळजवळ रोज एक या वेगाने लघुशक्ती केंद्रे उघडली. घराघरांवर पाइप उभे राहिले, पाइपावर कावळे बसू लागले आणि घरातल्या माणसांना कायमची कामे लागली. एक वर, पाइप धरून. एक अंगणात, निरोप्या म्हणून. एक आत, पडद्यासमोर. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ ‘आता?’ ‘आता आलं, हात काढू नको!’ हा हात न काढण्याचा हुकूम शास्त्राला धरून होता, कारण माणसाचे शरीर एरियलच्या जवळ असले की तेही एरियलचा भाग होते. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ चालू असताना गावोगाव काही लक्ष्मण गच्चीवरच उभे राहिले असतील तर त्याला हे कारण आहे. त्या पद्धतीत एक मोठा गुण होता: ती दयाळू होती. सिग्नल निम्मा आला तर चित्र निम्मे दिसे. मुंग्या येत, माणसामागे त्याची सावली दिसे, पण आवाजावरून रावण ओळखू येई. काठी थोडी फिरवली की थोडा फरक, जास्त फिरवली की जास्त. चुकत-माकत, अंदाजाने, आरडाओरडा करीत बरोबर ठिकाणी पोहोचता येई. म्हणजे मराठी कुटुंबाच्या स्वभावाला ती फारच जुळलेली होती.

ते क्षेपण आता संपले. प्रसार भारतीने जुनी अॅनालॉग केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद करत आणली आणि सामरिक महत्त्वाची पन्नासेक ठिकाणे सोडून बाकीची ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे जाहीर केले. त्यांच्या जागी जमिनीवरच्या मनोऱ्यांतून डिजिटल क्षेपण, म्हणजे ज्याला डीव्हीबी-टी२ म्हणतात ते, फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांपासून सुरू झाले. त्या यादीत महाराष्ट्रातून मुंबई आणि औरंगाबाद. नगर नाही. आता औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आणि आमचे अहिल्यानगर, पण नावे बदलून अंतर कमी होत नाही. रस्त्याने शंभर-सव्वाशे किलोमीटर ते तेवढेच आहे. गोदावरीच्या काठच्या नेवासे तालुक्याला जरा आशा वाटेल, पण आपण वर केलेले गणित तिथेही तेच उत्तर देते. यात काही जण अन्यायही बघतील. तुटीच्या वर्षी आमच्या मुळा, भंडारदरा धरणांतून पाणी तिकडच्या जायकवाडीला सोडावे लागते, मग तिकडून चार लहरी इकडे येऊ नयेत? याला उत्तर एवढेच, की पाण्याच्या समन्यायी वाटपाचा आदेश निघू शकतो, कारण पाणी उताराने जाते. लहर उताराचे ऐकत नाही, वळणाचे ऐकत नाही आणि समितीचे तर मुळीच ऐकत नाही.

इथे परदेशातला पुतण्या आडवा येतो. त्याचा आक्षेप खोटा नसतो, म्हणून त्याचे नीट ऐकले पाहिजे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा मराठी माणूस म्हणतो, आम्ही वीस डॉलरचा पातळ अँटेना खिडकीला चिकटवला आणि डझनावारी वाहिन्या फुकट बघतो. तुम्ही कसली डिशची छत्री घेऊन बसलात? त्याचे शंभर टक्के बरोबर आहे. अमेरिकेत मोठ्या केंद्रांचे अॅनालॉग क्षेपण १२ जून २००९ ला थांबले, ब्रिटनमध्ये ते ऑक्टोबर २०१२ पर्यंत संपले, आणि दोन्हीकडे त्याच मनोऱ्यांवरून डिजिटल क्षेपण चालू राहिले. एडिसनच्या खिडकीसमोर न्यूयॉर्कचे गगनचुंबी मनोरे आहेत आणि त्यांवरून दिवसरात्र काही ना काही ओतले जात असते. तिथे तारेचा तुकडाही काहीतरी पकडील. त्याच अँटेनाची त्याच दुकानातली पाच तारे मिळवलेली प्रत राहुरीत आणून खिडकीला लावली, तर ती तितक्याच निष्ठेने काम करील आणि तितक्याच निष्ठेने शून्य पकडील. त्यात अँटेनाचा दोष नाही. ऑनलाइन परीक्षणे वाचताना हीच गफलत होते: परीक्षण लिहिणाऱ्याने नकळत आपल्या शहराचे परीक्षण लिहिलेले असते आणि वाचणारा ते अँटेनाचे समजतो.

म्हणून नगर जिल्ह्यात ‘कोणता अँटेना घ्यावा’ याचे उत्तर दुकानात नाही, आकाशात आहे, आणि ते आधीच ठरलेले आहे: छत्री. केबलवाल्याचा डबाही अखेर मोठ्या छत्रीतूनच आणलेले पाणी वाटतो. दूरदर्शनची फुकट सेवा, जी डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झाली आणि आता फ्री डिश म्हणून ओळखली जाते, ती चार कोटींहून अधिक घरांत पोहोचल्याचे या धंद्याचे अहवाल सांगतात. सध्या ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. हा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ च्या पहाटे फ्रेंच गयानातल्या कुरूहून वर गेला. त्या दिवशी आपल्याकडे लक्ष्मीपूजन होते, त्यामुळे आकाशात आणखी एक बाण गेल्याचे कुणाला वेगळे जाणवण्याचे कारण नव्हते. तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर थांबलेला दिसतो. नगर शहर ७४.७ अंशांच्या आसपास. भूमिती केली तर त्याची दिशा उत्तरेपासून १३४ अंश, म्हणजे जवळजवळ नेमकी आग्नेय, आणि क्षितिजापासून उंची ५९ अंश. एवढे दोन आकडे. हे फुकट आहेत, सगळ्या जिल्ह्यात एखाद-दोन अंशांच्या फरकाने लागू आहेत आणि एकाही खोक्यावर छापलेले नाहीत. खासगी कंपन्यांचे उपग्रह थोडे अलीकडे-पलीकडे आहेत, पण तेही पूर्व आणि दक्षिण यांच्या मधेच. कोणत्याही गावाच्या गच्च्यांवरून नजर फिरवा. भावकीत बोलणे नसलेल्या घरांच्या छत्र्यासुद्धा एकाच कोपऱ्याकडे बघत असतात.

या आकड्यांना मान द्यायचे कारण असे की छत्रीची नजर फार अरुंद असते. ६० सेंटिमीटरच्या डिशला जेमतेम तीन अंशांची फट दिसते. एक अंश म्हणजे बोल्ट आवळताना स्पॅनर जरा जास्त दाबला गेला, तेवढाच; पण ३६ हजार किलोमीटरवर त्या एका अंशाचे सहाशेहून अधिक किलोमीटर होतात. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ५२० किलोमीटरचा आहे. म्हणजे स्पॅनरच्या एका झटक्यात आपण शिर्डीहून निघालो आणि नागपूरच्याही पुढे पोहोचलो. बरे, छत्री दिसायलाही फसवी. ती वर ५९ अंशांवर बघत असते, पण तिचा पत्रा मुद्दाम तिरका घडवलेला असल्यामुळे ती समोरच्या घराच्या खिडकीत डोकावते आहे असे वाटते. यावरून कुठे शेजाऱ्यांत कुरबुरी झाल्या असतील तर दोन्ही बाजूंना सांगायला हवे, की तिचे लक्ष खिडकीत नाही, हिंदी महासागराच्या वर आहे. शिंगणापुरात घरांना दारे नाहीत, पण तिथेही छत्रीचे बोल्ट आवळावेच लागतात. तिला भीती चोराची नसते, वाऱ्याची असते.

आणि इथे जुनी विद्या अडते. डिजिटल सिग्नल निम्मा येत नाही. पुरेसा असला तर चित्र लख्ख, जरा कमी पडला तर पडद्याचे चौकोनी तुकडे, त्याहून कमी पडला तर निळा पडदा आणि ‘नो सिग्नल’. मुंग्या नाहीत, सावली नाही, जवळ आलो की लांब गेलो याचा पत्ता नाही. शिवाय डब्याला सिग्नल ओळखायला क्षणभर वेळ लागतो. वरचा माणूस सवयीने छत्री फिरवत जातो, मधेच कुठेतरी उपग्रह येऊन जातो, आतला ‘आलं!’ म्हणेपर्यंत छत्री दुसरीकडे पोहोचलेली असते. मग डब्यातले ते दोन पट्टे उघडतात, एक ‘स्ट्रेंथ’चा आणि एक ‘क्वालिटी’चा. स्ट्रेंथचा पट्टा ऐंशी टक्के भरलेला बघून घरात आनंद होतो. तो पट्टा छत्री गोठ्याकडे तोंड करून ठेवली तरी बराच भरतो, कारण छत्रीपुढच्या एलएनबी नावाच्या डबीचा स्वतःचा गोंगाटही तो प्रामाणिकपणे मोजत असतो. बघायचा तो दुसरा पट्टा. तो शून्यावर असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. स्ट्रेंथ आहे पण क्वालिटी नाही, ही अवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही बिघडले आहे असे वाटतच नाही. खरी रीत उलटी आहे. मोबाइलमधल्या होकायंत्रावर आधी १३४ अंश बघायचे (लोखंडी पाइपापासून चार हात लांब उभे राहून, नाहीतर होकायंत्र पाइपाचीच दिशा दाखवते), मग छत्री सुताएवढी हलवायची, पाच आकडे मोजायचे, पुन्हा सुताएवढी. यात आरडाओरड्याला वाव नाही, म्हणून ही रीत लोकप्रिय होणे अवघड आहे.

जागा निवडायचे काम तर सूर्य फुकटात करून देतो. वर्षातून दोनदा सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागून जातो: नगरच्या हिशेबाने १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि १ ऑक्टोबरच्या आसपास अकराला काही मिनिटे कमी असताना. त्या दिवसांत काही मिनिटे सगळ्यांचाच सिग्नल डगमगतो, कारण सूर्य स्वतःच लहरींचा मोठा गोंगाट करणारा आहे. पण त्याच वेळी गच्चीवर जिथे ऊन पडलेले असेल तिथून उपग्रह दिसतो आणि जिथे सावली असेल तिथून दिसत नाही. खडूने रेघ मारून ठेवावी, वर्षभराची चिंता मिटली. यावर हुशार माणूस विचारील की आमच्या अकोल्याच्या दरीत डोंगराआड उपग्रह कसा दिसायचा? मनोऱ्याच्या सिग्नलला हा प्रश्न रास्त होता, छत्रीला नाही. ५९ अंशांवरची नजर अडवायची तर एक किलोमीटरवरचा डोंगर आपल्या गच्चीहून १६६० मीटर उंच हवा, आणि कळसूबाई समुद्रापासून मोजूनही १६४६ भरते. डोंगर हरला. जिंकतो तो कडुनिंब. छत्रीच्या आग्नेयेला सहा मीटरवर छत्रीहून दहा मीटर उंच झाड असले की खेळ संपला. त्यातही गंमत अशी, की छत्री बसवतात उन्हाळ्याच्या तोंडाला, पानगळीत. आणि चैत्रपालवी फुटली की कंपनीला शिव्या पडतात. कडुनिंबाखालोखाल शत्रू म्हणजे शेजाऱ्याने चढवलेला मजला. त्याला छाटणी लागू पडत नाही.

आता उरलेले आक्षेप. वास्तुशास्त्र बघणारे म्हणतात आग्नेय दिशा अग्नीची, तिथे चूल हवी, यंत्र कशाला. पण छत्रीने आग्नेयेकडे फक्त बघायचे आहे, राहायचे नाही. ती गच्चीच्या वायव्य कोपऱ्यात उभी केली तर समोर मोकळी गच्ची मिळते, हे वास्तूलाही बरे आणि सिग्नललाही. पावसाचा आक्षेप जास्त वजनदार आहे. छत्रीच्या लहरी इतक्या आखूड असतात की जोराच्या सरीत त्या विरतात, हे खरेच. पण आक्षेप घेणाऱ्याने जिल्हा तरी बघावा. घाटघरची गोष्ट वेगळी, तिथे पावसाळ्यात टीव्हीपेक्षा छप्पर महत्त्वाचे. पाथर्डी-कर्जत-जामखेडकडे मात्र पावसाने सिग्नल घालवला तर लोक रिमोट बाजूला ठेवून ओट्यावर येतील आणि हात जोडतील. दुःख होते ते वेगळ्याच प्रसंगी. तिरक्या वाटेने येणारा सिग्नल आपल्या आग्नेयेच्या दोन-तीन किलोमीटरच्या पट्ट्यावरून खाली उतरतो. परतीच्या पावसाचा ढग नेमका त्या पट्ट्यावर कोसळला तर आपल्या वावरात टिपूस नाही, पलीकडच्या शिवारात धो-धो, आणि मालिका मात्र आपली बंद. यावर उपाय म्हणून मोठी छत्री घेता येते; ९० सेंटिमीटरची छत्री लहानीपेक्षा सव्वादोन पट सिग्नल गोळा करते. पत्रा विकत घेण्यात अर्थ असतो तो एवढ्यापुरता, आणि तेही दिशा आधी साधली असेल तर. कारण छत्री मोठी झाली की तिची नजर आणखी अरुंद होते, आणि वाऱ्याला धरायला पत्रा जास्त मिळतो.

शेवटचा आक्षेप तरुणांचा: मोबाइल असताना हे सगळे हवेच कशाला? प्रश्न बरोबर आहे, पण मोबाइलच्या पोटातही अँटेनाच असतो, आणि गच्चीवर हात उंच करून रेंज शोधणाऱ्याने एरियल फिरवणाऱ्याला हसू नये. शिवाय प्रक्षेपणाचा हिशेब निराळा आहे: उपग्रहावरून एका घराने बघितले काय किंवा चार कोटींनी बघितले काय, खर्च तेवढाच. फोनवर प्रत्येक बघणाऱ्यासाठी वेगळी धार सोडावी लागते आणि ती धार रिचार्जच्या मापाने मोजली जाते. फ्री डिशला दीड-दोन हजार एकदाच गेले की पुढे मोजमाप नाही. सरकारी पातळीवरही छत्री जाणार असे दिसत नाही. जाणार असलाच तर डबा जाईल, कारण टीव्हीच्या आतच उपग्रहाचा ट्यूनर बसवण्याचे भारतीय मानक ब्यूरोचे मानक जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले आहे. आणि गंमत पुढेच आहे. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून इंटरनेटशिवाय थेट फोनवर टीव्ही पाठवायच्या चाचण्या प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांच्या पुढाकाराने झाल्या आहेत. म्हणजे मनोरा परत यायच्या बेतात आहे, आणि मनोरा आला की घरच्या मोठ्या पडद्यासाठी कुणी ना कुणी छतावर काडी लावणारच. या क्षेपणासाठी विचारात असलेला पट्टा ५२६ ते ५८२ मेगाहर्ट्झचा. त्याला लागणारी काडी वीतभराहून थोडी मोठी, २७ सेंटिमीटरच्या आसपास. दूरदर्शनच्या खालच्या पट्ट्यातल्या जुन्या काड्या दोन-अडीच मीटरच्या होत्या, त्या आता कुणाच्या कामाच्या नाहीत. कामाचा आहे तो त्यांच्याखालचा वीस फुटी पाइप, कारण वर्गमूळ त्याच्या उंचीचे काढायचे असते. पण भंगारवाल्याच्या काट्यावर पाइपाचे वजन चांगले भरते, त्यामुळे बहुतेक गच्च्यांवरून पाइप केव्हाच गेला. काड्या माळ्यावर जपून ठेवलेल्या आहेत.